लाकडाच्या लेथला टूल घेताय? आधी हे वाचा, मग पैसे घाला

दिवाळीपासून तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) तर आणला आता टुलं कुठली घेऊ, आणि गंमत म्हणजे तिघांच्याही घरी आठ टुलांची लाकडी पेटी आधीच येऊन पडलेली, म्हणजे विचारायच्या आधी पैसे घालून मोकळे. त्यांना हसण्यात अर्थ नाही, मी पण तेच केलं होतं. पेटी उघडल्यावर काय वाटलं होतं सांगू, आठ चकचकीत टुलं, पिवळ्या मुठी, प्रत्येकाला वेगळा खाचा. त्यातली तीन मी आजपर्यंत लाकडाला लावलेली नाहीत, दोन ग्राइंडरवर पहिल्याच दिवशी निळी पडली, आणि एकाचा मुठीत जाणारा शेपटीचा भाग इतका बारीक होता की बाभळीचं एक फांदकट लावलं तर वाकूनच गेलं. दुकान कुठलं ते विचारू नका, सोडून द्या. तर परत परत तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी टूल नको, तुम्ही कातणार काय ते ठरवा. लाटणं, रवी, खुर्चीचा पाय, पाळण्याचा खांब, टुलाची मूठ, ही सगळी एका जातीची कामं. लाकडाची रेष लेथच्या लांबीला समांतर असते, आणि टूल कडेनं कापत जातं. वाडगा, ताट, पोळपाट ही दुसरी जात. तिथं रेष आडवी असते, म्हणून एका फेऱ्यात टुलाला दोनदा रेषेच्या उलट तोंडाला भिडावं लागतं, दोनदा सरळ आणि दोनदा उलट असं ठक ठक चालतं. ही दोन कामं दिसायला सारखीच, खरं टुलं वेगळी. पहिल्या कामाला स्पिंडल टर्निंग म्हणतात, दुसऱ्याला बोल टर्निंग. आमच्याकडं बहुतेक जण लाटण्यापासूनच चालू करतात आणि ते बरोबरच आहे, वाडग्याच्या मागं सुरुवातीला लागू नका.

हे सांगायचं कारण एक धोका आहे. पेटीत एक मोठी, खोल पन्हाळीसारखी गोल पटाशी असते, तिला रफिंग गाऊज म्हणतात. चौकोनी लाकूड गोल करायला ती एकदम झकास. पण बघायला ती सगळ्यात मोठी आणि दणकट दिसते म्हणून नवीन माणूस हमखास तीच वाडग्याला लावतो. असलं कधीच करू नका. तिचं पातं रुंद असलं तरी मुठीत जाणारा भाग पातळ पट्टीसारखा असतो, आणि वाडग्याच्या आडव्या रेषेत ती अडकली की तिथूनच मोडते. मोडलेलं टूल कुठं उडेल ते कुणाच्या हातात नसतं. वाडग्याची गाऊज वेगळी येते, ती जाड गोल सळईत खोबणी मारून केलेली असते, मुठीपर्यंत तीच जाडी.

आता घ्यायचं काय. माझं मत विचाराल तर स्पिंडलच्या कामाला चार टुलं बास. पाऊण इंची रफिंग गाऊज, तीन अष्टमांश इंची स्पिंडल गाऊज, पाऊण किंवा एक इंची स्क्यू म्हणजे तिरक्या तोंडाची सपाट पटाशी, आणि एक अष्टमांश इंची म्हणजे साधारण तीन मिलीमीटरचं, तुकडा वेगळा करायचं पार्टिंग टूल. वाडग्याला हात घालाल त्या दिवशी एक बोल गाऊज आणि एक जाड गोल तोंडाचा स्क्रेपर म्हणजे खरवडायचं टूल. सहा झाली. माझ्या भिंतीवर आज अकरा लटकलीत, त्यातली ही सहाच हातात असतात, बाकीची हौस.

मापाचा एक घोळ इथंच सांगून टाकतो नाहीतर ऑनलाइन मागवताना फसाल. बोल गाऊजचं माप ब्रिटिश कंपन्या खोबणीच्या आतल्या रुंदीवर सांगतात आणि अमेरिकन लोक सळईच्या जाडीवर. म्हणून इंग्लंडची तीन अष्टमांश आणि अमेरिकेची अर्धा इंची ही जवळपास एकच गाऊज. मी अर्धा इंची म्हणून मागवली ती ब्रिटिश मापाची निघाली, पाच अष्टमांश इंच जाड सळई, आमच्या छोट्या लेथवर एवढा सोटा धरून मी अर्धा किलोचा वाडगा कातत होतो. फोटोवर जाऊ नका, सळईची जाडी मिलीमीटरमध्ये विचारा.

पार्टिंग टूलबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, सरळ आत ढकलायचं, खोली कॅलिपरनं बघायची, लांबीच्या खुणा पाडायच्या आणि शेवटी तुकडा वेगळा करायचा. महागातलं घ्यायची गरज नाही.

स्क्यूवर मात्र थांबायला पाहिजे. तिरकी कापलेली सपाट पटाशी, एक टोक लांब एक आखूड. कन्नडात पटाशीला उळी म्हणतात, आमच्या गल्लीतले सुतार अण्णा याला बघून म्हणाले, ही उळी वाकड्या तोंडाची काय आणलीस. सगळ्यात सुंदर काम हेच टूल करतं आणि सगळ्यात जास्त शिव्या पण हेच खातं. माझं पहिलं लाटणं, आईला म्हणून करत होतो, सव्वा इंच जाड, आंब्याचं लाकूड. गोल झालं, छान झालं, म्हटलं आता शेवटचा हात स्क्यूनं मारू. चार इंच इतकं मऊ गेलं की लाकडाची वेटोळी खांद्यावर येऊन पडत होती, कागदासारखी पातळ. मग मी जरा खुशीत आलो, बाजूला बघितलं, आणि स्क्यूचं वरचं लांब टोक लाकडाला टेकलं. खाडकन आवाज. बघतो तर लाटण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्क्रूच्या आट्यासारखी खाच. आई दारात उभी राहून विचारते, काय करूलालास रे, बोअरवेल मारूलालास काय.

तर नियम असा. स्क्यूची धार तीन भागात बघा. कापायचं ते खालच्या भागानं आणि मधल्या भागानं, वरचा एक तृतीयांश भाग फिरत्या लाकडाला कधी टेकवायचाच नाही. टूल आधी रेस्टवर, म्हणजे टूल टेकवायच्या बिडाच्या आडव्या पट्टीवर, ठेवायचं, मग धारेमागचा उतार म्हणजे बेव्हल लाकडावर घासू द्यायचा, तेव्हा काहीच कापत नाही नुसतं घासतं, आणि मग मूठ हळूच उचलायची, धार आपोआप लाकडात शिरते. रेस्ट, बेव्हल, धार, हाच क्रम गाऊजला पण. धार आधी टेकवली की टूल घुसलंच म्हणून समजा. घेताना अंड्यासारखा आडवा छेद असलेला ओव्हल स्क्यू मिळतो, रेस्टवर छान घसरतो, पण धार लावताना तो हातात डोलतो. त्यापेक्षा सरळ चौकोनी पट्टीचा घ्या आणि त्याच्या खालच्या कडा दगडावर गोल करून घ्या. कडा टोकदार राहिल्या की त्या रेस्टच्या बिडात खड्डे पाडतात, मग पुढं प्रत्येक टूल त्या खड्ड्यात अडखळतं. रेस्टवर अधूनमधून कानस मारत जा, पाच मिनिटाचं काम आहे आणि अर्धे कॅच, म्हणजे टूल अचानक लाकडात घुसायचे झटके, त्यानंच कमी होतात.

आता स्टील, आणि पैसे खरे इथंच जातात. साधं कार्बन स्टील धारेला वाईट नाही, आपल्या सुतारांची सगळी पटाश्या रंधे त्याच्याच, पण सुतार हातानं कापतो. लेथवर लाकूड सतत घासतं आणि त्याहून जास्त म्हणजे ग्राइंडरवर टूल तापतं. कार्बन स्टीलचा कडकपणा साधारण २०० ते २५० डिग्रीच्या पुढं उतरायला लागतो, धारेवर निळा रंग आला म्हणजे तेवढा भाग मऊ झाला, तो घासून काढूनच टाकायचा. हाय स्पीड स्टील, एचएसएस, लालसर होईपर्यंत म्हणजे ५५० डिग्रीच्या आसपास पण कडक राहतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात अमेरिकन कारखान्यानं हे पहिल्यांदा दाखवलं, लाल झालेलं टूल लोखंड कापत होतं आणि बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. आपल्याला लोखंड कापायचं नाही, पण धार पाच सहापट टिकते हे आपल्याला बास. टुलावर एम२ लिहिलेलं असेल तर डोळे झाकून घ्या. एम४२ मध्ये कोबाल्ट असतं, अजून जास्त टिकतं, पण पहिल्या टुलांना नको, कारण पहिल्या वर्षात तुम्ही धार लावायला शिकताना अर्धं टूल ग्राइंडरवरच संपवणार आहात. शेफील्डच्या रॉबर्ट सॉर्बी, क्राऊन वगैरे कंपन्यांची टुलं उत्तम असतात, महाग पण असतात, एखादी गाऊज तिथली घ्या आणि बाकी साधी एचएसएस.

एचएसएस म्हणून लिहिलंय ते खरं की खोटं? याला सोपी युक्ती, ठिणगी बघायची. टूल ग्राइंडरला हलकं लावा. कार्बन स्टीलची ठिणगी पांढरी पिवळी, लांब, आणि टोकाला फुलबाजीसारखी फुटते. एचएसएसची ठिणगी लालसर नारिंगी, मंद, फुटत नाही, कमी पण असते. आमच्याकडं बेळगावात ही परीक्षा घ्यायला कुठं लांब जायला नको, उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, लेथवरच्या माणसाला दाखवा, तो ठिणगी बघून सांगतो. माझ्या आठ टुलांच्या पेटीवर एचएसएस छापलेलं होतं, आणि ठिणग्या अशा फुटल्या की नरक चतुर्दशी झाली.

जुन्या कानशीपासून टूल करायचा सल्ला पण खूप जण देतात, फुकटात होतं म्हणून. नको. कानस फार कडक आणि ठिसूळ असते, लाकडात अडकली तर वाकत नाही, फुटते, आणि तुकडा तोंडाकडंच येतो. करायचंच असेल तर ट्रकच्या कमानपाट्याचं करा, ते चिवट असतं, लोहाराकडून पाणी देऊन घ्या. आमच्या खानापूर बाजूचे जुने कातारी असलंच वापरायचे, दोन तीन पटाश्या, एक आकड्यासारखं वाकडं टूल, आणि त्यात पाळणे, पलंगाचे पाय सगळं. चन्नपट्टणचे खेळणी करणारे पण ढीगभर टुलं वापरत नाहीत, पण त्यांचं लाकूड काळ्या कुड्याचं, मऊ आणि बारीक रेषेचं, वर फिरत्या लेथवर लाखेची कांडी दाबली की घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळून बसते आणि मग केवड्याचं पान लावून चमक. आपण बाभूळ, चिंच, सागवान लावणार, तिथं टुलाची परीक्षा वेगळी.

बरं, आता जे कुणाला ऐकायचं नसतं ते. ग्राइंडरचे पैसे आधी बाजूला काढा. तुमच्या बजेटचे तीन भाग केले तर एक भाग धारेचा. सहा टुलं आणि धार नाही, यापेक्षा दोन टुलं आणि चांगला ग्राइंडर हजारपट बरा. साधा सहा इंची बेंच ग्राइंडर चालतो, आपल्याकडं त्याचा स्पीड २८०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, आसपास असतो. फक्त त्याच्यावर येणारा करडा दगड काढून पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा बसवा, ८० ग्रिट, करडा दगड तापवतो जास्त. बसवायच्या आधी दगड बोटात लोंबकळत धरून लाकडी मुठीनं टकटक करा, टणटण आवाज आला तर ठीक, मडकं फुटल्यासारखा ठस आवाज आला तर तडा आहे, तो परत द्या. दगडावर लिहिलेला आरपीएम ग्राइंडरपेक्षा जास्त पाहिजे हे पण बघा.

धार लावताना नवीन माणूस चुकतो कुठं, तर कोनात. बेव्हलवर मार्कर पेनानं काळं फासा. दगड हातानं फिरवून टूल टेकवा आणि बघा शाई कुठली गेली. फक्त टोकाची गेली तर मूठ जास्त उचललेली आहे, फक्त मागची गेली तर खाली आहे, सगळी गेली तर कोन जमला, आता ग्राइंडर चालू करा. कोन साधारण असे ठेवा, रफिंग गाऊज ४५, स्पिंडल गाऊज ३५ ते ४०, बोल गाऊज ५५, स्क्यू दोन्ही बाजू मिळून ३० ते ४०, स्क्रेपर ७० ते ८०. स्क्यूला कोनमापक लावायची गरज नाही, पट्टीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट बेव्हलची लांबी ठेवली की तेच येतं. आणि एक, कार्बन स्टील तापायच्या आधी पाण्यात बुडवत जायचं, पण तापलेलं एचएसएस पाण्यात कधी बुडवू नका, धारेला बारीक तडे जातात, बाजूला ठेवा आणि चहा पिऊन या.

कार्बाइडवाले, म्हणजे स्टीलऐवजी फार कडक कार्बाइडच्या तुकड्याचं टूल वापरणारे, इथं म्हणणार की एवढा उपद्व्याप कशाला, आमच्या टुलाला धारच लावावी लागत नाही. खरं आहे ते. चौकोनी, गोल नाहीतर शंकरपाळ्यासारखा छोटा तुकडा, त्याला इन्सर्ट म्हणतात, स्क्रूनं बसवलेला असतो, एक बाजू बोथट झाली की फिरवायचा, चौकोनीला चार बाजू. मूठ आडवी, सपाट धरायची, रेस्ट थोडा खाली म्हणजे धार बरोबर मध्यावर, आणि सरळ ढकलायचं. पहिल्या दिवशी पोळपाट होतो. पण ते कापत नाही, खरवडतं, आणि आंब्याच्या लाकडावर रेष उपटून येते, मग सँडपेपर घेऊन बसा तासभर. ज्याला रविवारीच वेळ मिळतो आणि धार शिकायची इच्छा नाही त्यानं खुशाल घ्यावं, मी नाक मुरडणार नाही. माझ्याकडं पण एक आहे, गाठी असलेल्या चिंचेला मी तेच लावतो.

ते एक मी घरीच केलंय आणि इथं बेळगावकरांचा फायदा आहे. बारा मिलीमीटरचा चौकोनी एमएस म्हणजे साध्या लोखंडाचा बार घेतला, टोकाला इन्सर्टएवढी बैठक मिलिंगवर काढून घेतली, भोक पाडून टॅप मारला म्हणजे आत आटे पाडले, वर्कशॉपवाल्या दादांनी दुसऱ्या कामाच्या मध्ये करून दिलं. इन्सर्ट मात्र विचार करून घ्या. लोखंडासाठीचे साधे इन्सर्ट धारेवर मुद्दाम किंचित गोल केलेले असतात, लाकडात ते नुसते दाबतात. अ‍ॅल्युमिनियमसाठीचे पॉलिश केलेले येतात, गोल पाहिजे तर आरसीजीटी नावाचे मागा, ते बऱ्यापैकी धारदार असतात. लाकडासाठीचेच मिळाले तर उत्तमच, त्यांची धार आणखी पातळ असते.

मुठीचं पण बोलूया. शक्य असेल तर बिनमुठीची टुलं घ्या, स्वस्त पडतात, आणि मूठ हीच पहिली कामगिरी. स्पिंडलच्या टुलांना दहा बारा इंच, बोल गाऊजला सोळा तरी पाहिजे, कारण वाडग्यात टूल रेस्टच्या पुढं लांब जातं आणि तो झटका मुठीच्या लांबीनंच आवरतो. शेंबीला, म्हणजे मुठीच्या तोंडावरच्या कडीला, पितळी नळीचा किंवा प्लंबरकडच्या तांब्याच्या पाइपचा तुकडा चालतो, लाकूड जरा घट्ट माप ठेवून कातायचं आणि ठोकून बसवायची. वाळलेली बाभूळ किंवा शिसव घ्या, वखारीतले तुकडे मागा आणि पावती पण मागा, सागवान शिसवाला आपल्याकडं जंगल खात्याचे नियम आहेत. शिसवाचा भुसा नाकात गेला तर माझ्यासारखी दोन दिवस सर्दी, मास्क घाला. तोंडाला पूर्ण फेस शील्ड, नुसता चष्मा नव्हे. हातमोजे घालायचे नाहीत, फिरत्या लाकडात कापड अडकलं की ते हात पण ओढतं. ओढणी, उपरणं, लांब बाही, बांगड्या सगळं बाहेर ठेवून या.

स्पीडला एक अंदाज आहे, लाकडाचा व्यास इंचात गुणिले आरपीएम हे ६००० ते ९००० मध्ये ठेवायचं. दहा इंची पोळपाट असेल तर ६०० ते ९००, त्याच्यावर नको. लाटण्याला हिशेबानं बरंच जास्त चालतं, पण नवीन असाल तर १५०० वर ठेवा, आणि चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत त्याहून कमी.

पहिला सराव वाळक्या सागवानावर करू नका, पैसे पण जातात आणि हात पण दुखतो. रस्त्याकडेला गुलमोहर नाहीतर आंब्याची फांदी छाटलेली असते, मालकाला विचारून आणा, ओली असतानाच लेथला लावा, चारही टुलं त्याच्यावर फिरवा. ओलं लाकूड लोण्यासारखं कापतं आणि टूल कसं बसायला पाहिजे ते कानाला कळतं, चांगलं कापताना सळसळ आवाज येतो, खरवडताना खरखर.

आणि जून लागायच्या आधी एक काम करा. खानापूर, लोंढा, जांबोटी बाजूला राहत असाल तर माहीतच आहे, पावसाळ्यात कपाटातल्या चपला पण हिरव्या होतात. टुलांना मशीन ऑइलचा बोळा फिरवून ठेवा, पन्हाळीच्या आत पण, तिथंच गंज आधी धरतो आणि तिथला गंज म्हणजे धारेतला खड्डा. माझी ती पेटी मी तशीच खाटेखाली ठेवली होती, गणपतीत काढली तर आठही तांबूस झालेली. स्क्रेपर तेवढा घासून वापरात घेतला, बाकीची आता गोंदाचे डबे उघडायला कामाला येतात.